आगीवाचून पडलेले पाणी



आपला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. येथे पाणी सांडणे याला आपण नुकसान म्हणत नाही, पाप म्हणतो. अशा गावात मी आज एका निराळ्या सांडलेल्या पाण्याचा इतिहास सांगणार आहे. नाटकगृहात आग विझविण्यासाठी राखलेले पाणी कधी कधी आग नसतानाच रंगमंचावर कोसळते. ती चूक महाग पडते हे खरे. पण त्या चुकीला भिऊन माणसे पुढे जे करतात ते त्याहून महाग पडते, एवढेच माझे सांगणे आहे.

हा इतिहास लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहापासून सुरू करावा लागतो. १७९४ साली ते नव्याने बांधले, तेव्हा छपरावर पाण्याच्या टाक्या बसविल्या आणि रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये लोखंडी पडदा लावला. उद्घाटनाच्या वेळी हा सारा बंदोबस्त प्रेक्षकांना दाखविण्यात आला. पडद्यावर हातोडा मारून त्याचा आवाज ऐकविला आणि मागे पाण्यात नाव वल्हविणारा माणूसही दाखविला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. पुढे पंधराच वर्षांत, २४ फेब्रुवारी १८०९ च्या रात्री, ते नाटकगृह जळून खाक झाले. टाक्यांनी ते वाचले नाही, पडद्यानेही वाचले नाही. बंदोबस्त दाखविणे निराळे आणि तो वेळेला चालणे निराळे, हा पहिला धडा.

१८१२ साली तेच नाटकगृह पुन्हा उभे राहिले, तेव्हा विल्यम काँग्रीव्ह नावाच्या गृहस्थाने त्यात नवी योजना केली. सुमारे ९५,००० लिटरची हवाबंद टाकी आणि तीतून निघून सगळीकडे फिरविलेले भोकाभोकांचे नळ. दुष्काळात आपल्याकडे येणारा टँकर १०,००० लिटरचा धरला तर साडेनऊ टँकर पाणी! पण ते आपोआप पडत नसे. माणसाने व्हॉल्व्ह उघडला म्हणजेच पडे. म्हणजे सारी भिस्त त्या माणसावर. गावात पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनची वाट साऱ्या आळीने पाहावी, तसाच हा प्रकार.

आपोआप उघडणारा फवारा, ज्याला आपण स्प्रिंकलर म्हणतो, तो पुढे आला. अमेरिकेत हेन्री पार्मली याने १८७४ साली त्याचे पेटंट घेतले आणि आपल्या पियानोच्या कारखान्यात तो बसविला. फ्रेडरिक ग्रिनेल याने त्यात सुधारणा केली, आणि मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीने तो कापडगिरण्यांत नेला. आपल्या तालुक्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या वडीलधाऱ्यांना खात्याच्या छपराखालून जाणारे ते नळ आठवत असतील. त्यांचा प्रसार झाला तो विम्याचा हप्ता कमी होतो म्हणून. १९०३ च्या ३० डिसेंबरला शिकागोच्या इरोक्वा नाटकगृहात आग लागली आणि ६०० हून अधिक माणसे मेली; त्या रंगमंचावर मात्र चालू स्थितीतला एकही फवारा नव्हता. कापसाला पाणी आधी मिळाले, माणसाला मागाहून मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता यंत्राची गोष्ट थोडी समजावून घेऊ, कारण गैरसमज येथेच आहे. सिनेमात आपण पाहतो की एका फवाऱ्याखाली काडी पेटविली आणि साऱ्या इमारतीत पाऊस सुरू झाला. साधा स्प्रिंकलर असा नसतो. त्याच्या तोंडाशी काचेची बारीक कुपी असते. बहुधा ६८ अंशांपर्यंत तापली म्हणजे ती फुटते आणि तेवढेच तोंड उघडते. शेजारचे बंदच राहते. त्यावर कोणी कपड्याचा हँगर अडकविला, शिडी आपटली किंवा कडक दिवा अगदी जवळ आणला, तरच ते आगीवाचून फुटायचे.

मोठ्या रंगमंचावर पुष्कळ ठिकाणी दुसरी व्यवस्था असते. तेथे पडदे, दोर, लाकूड सारे उभे टांगलेले. आग लागली की क्षणात छपराला भिडते. म्हणून तेथे तोंडे उघडीच ठेवतात आणि एकच व्हॉल्व्ह उघडला की सगळ्यांतून एकदम पाणी सुटते. आगीला हे उत्तम, आणि चुकीला तितकेच वाईट. तपासणीत एखादी चावी उलटी फिरली, नेपथ्य हलविताना दांड्याला धक्का लागला, किंवा नाटकातल्या खोट्या धुराने यंत्र फसले, की झाले! बर्लिनच्या डॉइचे ओपर या नामांकित संगीतनाट्यगृहात २४ डिसेंबर २०१७ रोजी आग नसताना असेच पाणी सुटले. रंगमंचाची यंत्रे भिजली आणि पुढे कित्येक दिवस अपुऱ्या मंचावर प्रयोग करावे लागले.

आपल्याकडच्या फिरत्या नाटक मंडळीवर हा प्रसंग आला तर? शाई लावलेला तबला भिजला म्हणजे गेला. हार्मोनियम, रंगविलेले पडदे, शालू, पैठण्या, दिव्यांच्या पेट्या, साऱ्यांची माती. त्या सामानावर वीसपंचवीस घरे जगत असतात. म्हणून या पाण्याची भीती वेडगळ आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ती पोटाची भीती आहे.

परंतु या भीतीपोटी होते काय? एकदा चुकून पाणी पडले की ज्याच्या हाताशी ती चावी होती त्याला कामावरून काढतात. तो बहुधा कंत्राटावरचा, रात्रपाळीचा, आणि त्याला यंत्र कोणी शिकविलेले नसते. त्याच्या जागी येणारा पहिले काम करतो ते मुख्य व्हॉल्व्ह बंद करून ठेवण्याचे. न पडलेल्या पाण्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही ना! भिंतीवर नळ दिसतात, कागदावर यंत्रणा असते, आणि नळात पाणी नसते. अमेरिकेतील नोंदी पाहू गेल्यास असे दिसते की आगीच्या वेळी स्प्रिंकलर चालले नाहीत, याचे सर्वांत मोठे कारण यंत्रातला दोष नसून यंत्रणा आधीच कोणीतरी बंद केलेली असणे, हे होय.

यावर उपायही जुनाच आहे. व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत साखळीने कुलूपबंद ठेवायचा. हातचावीवर झाकण बसवायचे. दुरुस्तीसाठी पाणी बंद केले तर कोणी, केव्हा, किती वेळ, हे वहीत लिहायचे आणि तेवढा वेळ माणूस पहाऱ्याला ठेवायचा. आणि ज्याच्या हाती चावी, त्याला पुरते शिक्षण व पुरता पगार द्यायचा. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ चा. तो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचा असतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेले आणि १९१५ साली सुरू झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभराहून अधिक वर्षांचा रंगमंच एका रात्रीत गेला. त्याच्या आधी तीन वर्षेही झाली नव्हती तोच, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, आपल्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान ११ रुग्ण दगावले होते. तेव्हा आग ही परगावची गोष्ट नव्हे.

आपण नाटकाला जातो तेव्हा खुर्ची कोणत्या रांगेत आहे हे विचारतो. त्याबरोबर व्यवस्थापकाला आणखी एक प्रश्न विचारावा : नळात पाणी आहे काय, आणि चावी कोणाकडे आहे? उत्तर देणारा माणूस अडखळला तर त्याच्यावर रागावू नये. त्याला कोणी शिकविले नाही, हे त्याच्या मालकाला विचारावे. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना भरल्या टाकीची किंमत कोणी सांगावयास नको. ती टाकी नळाला जोडलेली आहे की नाही, एवढे पाहण्याची सवय मात्र आपण लावून घेतली पाहिजे.