खिशातल्या नोटेवरचे केमाल पाशा

इस्तंबूलला उतरल्यापासून केमाल पाशा पाठ सोडत नाहीत. न्हाव्याच्या आरशावर, चहाच्या दुकानात, शाळेत त्यांची तसबीर; खिशातल्या प्रत्येक नोटेवरही तेच. ही सगळी त्यांच्या पक्षाची करणी, असं मी धरून चाललो होतो.

पण या पुतळ्यांना कायद्याचं कवच दिलं ते त्यांच्या पक्षाला हरवून १९५० साली सत्तेवर आलेल्या मेंदेरेस सरकारने. याच सरकारने आल्या आल्या अरबी अजान परत आणली होती. केमाल पाशांच्या काळापासून ती तुर्कीतच द्यावी लागे. मग पुतळे फोडले जाऊ लागले आणि १९५१ साली ती मोडतोड, शिवाय त्यांच्या स्मृतीचा अपमान, गुन्हा ठरला. कायदा आजही लागू आहे.

आपलाही या माणसाशी जुना हिशेब आहे. खिलाफत वाचावी म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी वर्गण्या काढल्या, बायकांनी अंगावरचे दागिने दिले. केमाल पाशांच्या लढ्यासाठीही इथून पैसा गेला. ३ मार्च १९२४ रोजी त्यांच्याच पुढाकाराने अंकाराच्या संसदेने खिलाफत रद्द केली. भायखळ्याचं खिलाफत हाऊस मात्र अजून उभं आहे. ईद-ए-मिलादचा जुलूस तिथूनच निघतो.