सौंसरचे मँगनीज आणि लोहचुंबकाची संगत

सौंसर म्हटले की आपल्या जुन्या मराठी घरांना संत्र्यांचे बगीचे, बाजार आणि जाम-कन्हानचे काठ आठवतात. भूवैज्ञानिकांना त्याच नावाने एक पाषाणसमूह आठवतो. ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखला जाणारा हा प्राचीन खडकांचा पट्टा छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा, बालाघाटापर्यंत सुमारे 200 किलोमीटर पसरला आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात व सौंसर दुसऱ्या राज्यात गेले, आणि 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हाही झाला. खडक मात्र अजून जुन्या मध्यप्रांतातच राहतो, असे म्हणावेसे वाटते.

या खडकांतील खरे धन मँगनीजचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नागपूर भागात त्याच्या खाणी सुरू झाल्या, आणि गोवारी वढोणा, सीतापार ही आपल्या बाजूची नावे पोलादाच्या व्यापारात पोहोचली. लुईस ली फर्मर 1902 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले. त्यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील प्रचंड ग्रंथ 1909 साली निघाला. त्यात एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि सीतापारच्या खनिजाला ‘सीतापाराइट’. पुढे क्ष-किरणांच्या परीक्षेत सीतापाराइट व बिक्सबाइट एकच ठरले. बिक्सबाइट हे नाव अमेरिकेतील उटाच्या खनिजाला 1897 सालीच मिळाले होते, म्हणून ज्येष्ठतेच्या न्यायाने तेच टिकले. नियम योग्यच आहे. तरीही आपल्या परिसरातील एका खेड्याचे नाव खनिजांच्या यादीतून गेले याची रुखरुख आम्हांस वाटते.

आमच्या विषयाला अधिक जवळचे खनिज मात्र दुसरे आहे. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथे फर्मर यांना मँगनीजचे असे खनिज मिळाले, की ते लोहचुंबकाकडे जोराने ओढले जाई. सहकारी व्रेडेनबुर्ग यांच्या नावावरून त्यांनी त्यास ‘व्रेडेनबुर्गाइट’ म्हटले. यात नवल कोणते? नवल असे की, शुद्ध मँगनीज चुंबकाला चिकटत नाही. त्याच्या अणूत जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन पुष्कळ असतात, म्हणजे प्रत्येक अणू स्वतः एक सूक्ष्म चुंबकच असतो. पण शेजारी अणू एकमेकांविरुद्ध दिशा धरू पाहतात आणि एकूण बेरीज शून्य होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की, व्रेडेनबुर्गाइट हे दोन खनिजांचे गुंतलेले मिश्रण आहे: मँगनीज व लोह यांचे जॅकोबसाइट, आणि केवळ मँगनीजचे हॉसमनाइट. चुंबकत्व जॅकोबसाइटचे. तेथे लोहाच्या संगतीत मँगनीजची बेरीज शून्य होत नाही.

हीच गोष्ट त्याच सुमारास जर्मनीत निराळ्या वाटेने उघड झाली होती. 1903 साली फ्रिट्झ हॉयस्लर यांनी तांबे, मँगनीज व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूत चुंबकत्व दाखवले. तिन्हींपैकी एकही धातू एकटा चुंबक होत नाही.

यानंतरचा टप्पा शतकभराने आला, आणि तो एका रेणूचा होता. आपल्या रक्तातील हीममध्ये लोहाचा अणू नायट्रोजनच्या चौकटीत, म्हणजे पॉर्फिरिन नावाच्या सेंद्रिय कड्यात बसलेला असतो. तेथे लोहाऐवजी मँगनीज बसवता येते. असा सुटा रेणू नेहमीच्या तापमानाला दिशाहीन असतो. उष्णता त्याचे चुंबकत्व सतत भरकटवीत राहते. 2005 साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मँगनीज-पॉर्फिरिनचा एका रेणूइतका पातळ थर कोबाल्टच्या पापुद्र्यावर अंथरला. कोबाल्ट जात्याच चुंबक. रेणूतील मँगनीजने त्याचीच दिशा धरली.

ही दिशा ओळखली कशी? विशिष्ट ऊर्जेचे, फिरत्या ध्रुवणाचे क्ष-किरण एकेका मूलद्रव्याला वेगळे गाठतात. कोबाल्टची दिशा उलटली की मँगनीजचीही उलटते, हे त्यामुळे प्रत्यक्ष दिसले. रेणू व पृष्ठभाग यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळतात आणि त्या मार्गाने दिशेची आज्ञा पोहोचते. या देवघेवीला विनिमय-अंतरक्रिया म्हणतात.

2007 साली जर्मनीतील गटाने लोह-पॉर्फिरिनवर निकेल व कोबाल्टचे हेच नाते दाखवले. 2009 साली त्यांच्याच कामातून आणखी एक गंमत पुढे आली. धातू व रेणू यांच्यामध्ये ऑक्सिजनच्या अणूंचा एकच थर ठेवला, तर रेणूचे चुंबकत्व पृष्ठभागाच्या बरोबर उलट दिशा धरते. मध्यस्थ बदलला आणि नात्याचा अर्थच फिरला. हॉसमनाइट काय, मँगनीजचा साधा ऑक्साइड काय, त्यांतही ऑक्सिजन असाच मध्यस्थ आहे. दोन मँगनीज अणूंचे बोलणे त्याच्यामार्फतच होते. खाणीतल्या दगडात जो कारभार कोट्यवधी वर्षे मुक्याने चालला होता, तोच येथे एकेका थराने मांडून पाहता आला.

असे थर आजही निर्वात पात्रात, अत्यंत स्वच्छ धातुपृष्ठावरच रचले जातात. एकेका रेणूत माहिती साठवण्याची आशा त्यांच्याभोवती गुंफली जाते. पण खाणीतले मँगनीज आजही मुख्यतः पोलादातच जाते.