बोंबाई दस्तूर

सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले हिंदी सनदी अधिकारी. १८६४ साली ते विलायतेहून परतले, ते पत्नीला पडद्याबाहेर आणण्याचा निश्चय करूनच. नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पण ज्ञानदानंदिनीदेवींनी नेसावे काय? अंतःपुरातील एकवस्त्र बाहेर चालेना. वस्त्रापायी उंबरठा अडला! फ्रेंच शिंप्याकडून शिवविलेला पोशाख अंगावर चढविणेच जिकिरीचे. मुंबईस माणेकजी करसेटजींच्या घरी पारशी स्त्रियांची नेसण त्यांनी पाहिली व उचलली. पदर मात्र डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा. पोलके-परकर आलेच. बंगाल्यात ही नेसण ब्राह्म कुटुंबांतून रुळली व ‘बोंबाई दस्तूर’ म्हणविली गेली. नावात मुंबई आली, तरी नऊवारीचा कासोटा तीत नाही, याची आम्हां बदलीवरच्या मराठी मंडळींस किंचित रुखरुख वाटते.