प्लेटलेटसमृद्ध फायब्रिन

रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून तयार केलेली, शस्त्रक्रियेच्या जखमेत भरायची जेलीसारखी गुठळी. फ्रान्समधील जोसेफ शुक्रून व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी, १९९८ मध्ये, अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या अस्थिरोपणात प्लेटलेटसमृद्ध प्लाझ्मा वापरला होता. त्यासाठी रक्त आधी रसायनाने पातळ ठेवावे लागे आणि मग गाईच्या थ्रॉम्बिनने गोठवावे लागे. शुक्रून यांनी हे दोन्ही वगळले. पद्धतीचे खरे महत्त्व याच साधेपणात आहे.

सुमारे १० मिलि. रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी १० मिनिटे फिरवतात. हे तत्काळ करावे लागते. उशीर झाला तर रक्त नळीतच विस्कळीत गोठते आणि नमुना वाया जातो. तळाशी तांबड्या पेशी, वर पातळ प्लाझ्मा आणि मधोमध फायब्रिनची गुठळी राहते. बहुतेक प्लेटलेट गुठळीच्या खालच्या टोकाशी, तांबड्या थरालगत असतात. म्हणून गुठळी कापताना तो भाग टाकून देऊ नये. प्लेटलेटमधून स्रवणारे वाढकारक घटक फायब्रिनच्या जाळ्यात अडकतात व काही दिवस हळूहळू बाहेर पडतात. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या व संयोजी ऊती वाढण्यास मदत होते.

दंतशस्त्रक्रियेत, विशेषतः खालची अक्कलदाढ काढल्यावर उरलेल्या खळगीत, तिचा वापर सर्वाधिक होतो. हिरडी व मऊ ऊती भरून येण्याबाबतचे पुरावे समाधानकारक आहेत. नवे हाड बनण्याबाबतचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी असून त्याविषयीच्या जाहिराती पुराव्यांच्या पुढे धावतात.