देशाची गाडी, पहिली आवृत्ती

जानेवारी १९९८. तुम्ही दिल्लीला प्रगती मैदानावर आहात. अंगात स्वेटर, हातात ऑटो एक्स्पोचं तिकीट. खिशातला फोन तेवढा बाहेर काढू नका. इथे मोबाइल ही आलेल्या कॉललाही पैसे मोजू शकणाऱ्यांची चैन आहे, आणि तुमच्या हातातला पाहिला तर लोक गाड्या सोडून तुमच्याभोवती जमतील. टाटांच्या टेल्को कंपनीच्या स्टॉलपाशी पाय ठेवायला जागा नाही. तरी घुसा. गाडी पुण्याची आणि तुम्हीही पुण्याचे, एवढा हक्क पुरे.

ती बघा, इंडिका. आजच्या नजरेला ती साधीच वाटेल, म्हणून आधी नजर १९९८ची करून घ्या. तुम्ही आजवर ज्या छोट्या गाडीत बसला आहात ती मारुती ८००. मागे तिघं बसले की मधल्याने गुडघे कुठे ठेवायचे, हा प्रवासभर चालणारा प्रश्न. इथे मागचं दार उघडून डोकावा. पाय पसरता येतात, छत डोक्याला लागत नाही. नाक आखूड, चाकं कोपऱ्यांत ढकललेली, मागचे दिवे उभे, खांबावर चढत गेलेले. पुढच्या काचेवर वायपर एकच. रतन टाटांनी मागणीच तशी केली होती: बाहेरून झेनएवढी, आतून अँबॅसिडरएवढी, किंमत मारुती ८००च्या जवळपास आणि इंजिन डिझेलचं. अनेकांनी ती हसण्यावारी नेली होती. आत्ता इथे कुणी हसत नाहीये.

तुमच्यामागे दोघांचा वाद चाललाय. एक म्हणतो, "इटलीत काढून आणलीय म्हणे. मग देशी कसली?" त्याची माहिती बरोबर आहे. बाह्यरूप तूरिनच्या आयडिया या संस्थेचं आणि इंजिनावर ल मोतर मोदेर्न या फ्रेंच कंपनीने हात फिरवलाय. पण त्याला विचारा, आजवर आपण ज्यांना आपल्या गाड्या म्हणत आलो त्या कुणाच्या होत्या? अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे फियाट, मारुती म्हणजे सुझुकी. तिथे अख्खी गाडी परक्याची आणि नाव आपलं. इथे गाडी कशी हवी हे पुण्यात ठरलं आणि तूरिनच्या माणसाने ते कागदावर उतरवलं. माझ्या मते घर त्याचंच, ज्याने खोल्या किती हव्यात ते सांगितलं; आर्किटेक्ट कुठलाही असो. मात्र दुसऱ्या गृहस्थांच्या "टीका करू नका, आपली गाडी आहे" या वाक्याकडे लक्ष असू द्या. ते पुढे पुष्कळ महाग पडणार आहे.

आता पिंपरीला चला. वर्ष तेच, पावसाळा संपलाय. पहाटे चौकात उभे राहा, कंपनीची बस येईल. या बसला शहरात मान आहे. जावई टेल्कोत असला की मुलीच्या बापाला फार बोलावं लागत नाही. आत गेल्यावर कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी राखलेली झाडी आणि तळं बघून घ्या. सुमो गाडीच्या नावातले सु आणि मो त्यांच्याच नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले. मग कारच्या नव्या शेडमध्ये या.

ही यंत्रसामग्री नवी नाही. ऑस्ट्रेलियात निसानने १९९२ साली गाड्या बनवणं थांबवलं आणि कारखाना पडून राहिला. टेल्कोने तो साधारण शंभर कोटींना विकत घेतला, इथल्या माणसांनी जाऊन तो सुटा केला, जहाजांवर चढवला आणि पिंपरीत पुन्हा उभा केला. नवा घ्यायचा तर कित्येक पट पैसे गेले असते. सगळ्या प्रकल्पाचा खर्च सतराशे कोटी, जगातल्या कार कंपन्यांच्या हिशेबात किरकोळच. काटकसरीचं हे कौतुक मनापासून करा. पण याच शेडमध्ये उद्याच्या तक्रारींचीही मुळं आहेत, तीही बघा.

ही ट्रकवाल्यांची कंपनी आहे. ट्रकमध्ये आवाज हा कामाचा भाग. तो कमी झाला तर ड्रायव्हर बॉनेट उघडून बघतो. कारमध्ये मागे झोपलेलं बाळ असतं आणि शेजारी "हा कसला आवाज?" असं विचारणारी बायको. दोन पत्र्यांमधली फट दोन मिलिमीटर जास्त झाली तर ट्रकचं काही बिघडत नाही. कारची तिथे शोभाच जाते. शिवाय जवळपास सगळे सुटे भाग देशातच करून घ्यायचं ठरलंय. भोसरी-चाकणच्या कित्येक पुरवठादारांसाठी इतक्या बारीक मापाचं, इतक्या संख्येचं काम पहिलंच आहे. हे सगळं जुळून यायला वेळ हवा, आणि वेळ नाहीये. प्रतिस्पर्धी सँट्रो सप्टेंबरात बाजारात उतरलीसुद्धा.

३० डिसेंबर १९९८. किंमत जाहीर होते, अडीच लाखांच्या थोडी पुढे सुरुवात. मारुतीने आपल्या गाड्यांच्या किमती आधीच खाली आणल्यात, यावरूनच काय ते समजा. आठवडाभरात बुकिंगचा आकडा एक लाख पंधरा हजारांवर जातो, आणि लोक पैसे भरून रांगेत आहेत, नुसती नावनोंदणी करून नव्हे. चिंचवडच्या तुमच्या शेजारच्या काकांनीही फंडातून पैसे काढलेत. त्यांना अडवू नका. इतिहासात ढवळाढवळ नको हे एक कारण, आणि ते ऐकणार नाहीत हे दुसरं. पोखरणच्या अणुचाचण्यांना अजून वर्ष झालेलं नाही. देशाने स्वतः काहीतरी केलं, या वाक्याला या दिवसांत वेगळंच वजन आहे. डिझेलची, एवढ्या जागेची, आपल्या गावच्या कारखान्यातून निघालेली गाडी, हिला नावं ठेवणारा चिंचवडात घरभेदीच ठरायचा.

जुलै १९९९. काकांची गाडी आलीय. "बसा, बसा," म्हणत ते तुम्हाला खंडाळ्याच्या घाटात घेऊन निघालेत. एक्स्प्रेसवेचं काम अजून चालू आहे, तेव्हा जुन्याच रस्त्याने. रेडिओवर कारगिलच्या बातम्या. काकू मागे ऐसपैस बसल्यात आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. जागेबद्दल कंपनीने दिलेला शब्द पाळलाय.

आता ऐका. सिग्नलला उभे असताना दरवाजातून, सीटमधून, गिअरच्या दांड्यातून थरथर येते. खड्ड्यातून गेलं की पुढच्या चाकांकडून खडखड. गिअर टाकताना मनगटाला जोर लागतो. चढावर एसी लावला की इंजिन धापा टाकतं, म्हणून काका तो गुपचूप बंद करून खिडकी उतरवतात. "हवा छान आहे नाही?" टायर लवकर झिजतात ही तक्रार ते घाट संपल्यावर करतात, तीही कुजबुजल्यासारखी. सोसायटीत मात्र त्यांनी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार? सहा महिने सगळ्यांना हीच गाडी घ्या म्हणून तेच सांगत होते.

देशभर असे हजारो काका आहेत, आणि सगळेच कुजबुजणारे नाहीत. वर्तमानपत्रांत पत्रं येतायत. मोटारींना वाहिलेली इंग्रजी मासिकं नुकती मूळ धरतायत. ती आवाजाबद्दल आणि जुळणीबद्दल स्पष्ट लिहितायत. दिल्लीत डिझेलच्या धुराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने १९९९च्या एप्रिलमध्ये युरो मानकांची सक्ती केली, तेव्हापासून डिझेल गाडीवाल्यांच्या पोटात गोळा आलाय. यावर "परदेशी कंपन्यांचं कारस्थान आहे" असंही म्हणणारे आहेतच. ते कुठल्या वर्षी नसतात?

आता कंपनीच्या शिबिरात या. मांडव, खुर्च्या, चहा, आणि तावातावाने बोलणारी माणसं. टेल्कोने देशभर अशी शिबिरं भरवलीत. गाड्या आणायच्या, तपासायच्या, सदोष भाग फुकट बदलून द्यायचे. काका काउंटरवर पोचलेत आणि नेहमीसारखं "तशी गाडी चांगली आहे हो, पण..." असं सुरू करतात. पलीकडचा तरुण इंजिनिअर वैतागलेला नाही, थकलेला आहे. तो पेन पुढे करतो. "काका, तोंडी नको. जॉब कार्डावर लिहा. काय वाजतं, कधी वाजतं, किती स्पीडला. लिहिलेलं वर जातं." मला या सगळ्या कथेतला हाच क्षण महत्त्वाचा वाटतो. शोरूमच्या रांगेत देशाचा अभिमान होता. देशाची गाडी मात्र या काउंटरवर घडतेय, आणि घडवणारा गिऱ्हाईक आहे, ज्याने पूर्ण पैसे भरूनही परीक्षकाचं काम केलं.

हे काम फुकट करून घेणं न्याय्य होतं का? नाही. अर्धीकच्ची गाडी लोकांच्या हाती दिली गेली, आणि देशप्रेमाच्या भरात, पैसे भरताना तिच्याकडे कुणी डोळे उघडून पाहिलं नाही. पण कंपनीनेही बिल भरलं. २०००-०१ या वर्षात टेल्कोला पाचशे कोटींचा तोटा झाला, तोवरच्या भारतीय उद्योगांत सर्वांत मोठा मानला गेलेला. मधल्या काळात रतन टाटा डेट्रॉइटला फोर्डकडे हा गाड्यांचा धंदा विकायला गेले आणि अपमानित होऊन परतले, तो किस्सा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दर सहा महिन्यांनी येतोच, तेव्हा तिथे थांबायला नको. त्यातला सूड गोड आहे, पण त्यात खडखडणारं सस्पेन्शन कुणी दुरुस्त केलं ते मात्र येत नाही.

२००१. इंडिका व्ही-२. त्याच घाटात, काकांच्याच शेजारी बसा. जुनी विकून त्यांनी ही घेतलीय. सस्पेन्शन बदललंय, गिअर बोटांनी पडतो, थरथर पुष्कळ कमी झालीय. आवाज आहेच, डिझेल आहे शेवटी. काका आता मोठ्या आवाजात तक्रारी सांगतात, बेधडक, कारण त्यांना ठाऊक आहे की ऐकलं जातं. व्ही-२ तुफान खपली.

एक उडी विलायतेला मारू. २००३ संपत आलंय, गाव बर्मिंगहॅम. शोरूममध्ये तुमच्या ओळखीची आकृती उभी आहे, पण नाकावर बोधचिन्ह रोव्हरचं आणि नाव सिटीरोव्हर. पुण्यात बांधून बोटीने आलेली. किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे. ब्रिटिश मोटार-पत्रकार तिच्यावर तुटून पडलेत. आतलं प्लास्टिक हलकं, किंमत भारी. 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमाच्या जेम्स मेला कंपनीने गाडी द्यायलाच नकार दिला, तर तो छुपा कॅमेरा घेऊन विक्रेत्याकडे गेला आणि गाडीचे वाभाडे काढले. तुमच्यातला पुणेकर दुखावलाय, साहजिक आहे. पण क्षणभर त्या गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहा. हीच गाडी चिंचवडात पैसावसूल आणि इथे महागडी फसवणूक, कारण इथे तिच्या शेजारी त्याच पैशांत चांगल्या गाड्या उभ्या आहेत. वस्तू एकच, आणि दोन्ही निकाल खरे. ती विकणारी एमजी रोव्हर कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली. त्याला इंडिका कारण नव्हती, पण तिने वाचवलंही नाही.

परतीच्या वाटेवर २००६चं हिंजवडी लागेल. रात्रीचे दोन. गेटबाहेर पांढऱ्या इंडिकांची रांग, पिवळी नंबरप्लेट, कॉल सेंटरची पोरं मागे डोकी टेकून झोपलेली. ड्रायव्हरला विचारा गाडी कशी आहे. तो आधी ॲव्हरेज सांगेल, मग स्पेअर कुठल्याही गावात मिळतात हे सांगेल, आणि आवाजाबद्दल विचारलंत तर "कसला आवाज?" म्हणेल. कंपनीचं नाव आता टाटा मोटर्स झालंय. काकांचा मुलगा मात्र इंडिका नको म्हणतो, कारण ती टॅक्सीवाल्यांची झाली. ज्या गुणांवर ती निवडली गेली, म्हणजे जागा, डिझेल आणि दणकटपणा, त्याच गुणांनी तिला घरच्या पार्किंगमधून बाहेर काढलं. २०१८ मध्ये इंडिकाचं उत्पादन बंद झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी टाटांचीच नेक्सॉन ठरली.

पोचलात. आता फोन काढायला हरकत नाही. तुमच्या दारातली गाडी कुठल्याही कंपनीची असो, दिमाखात देशी म्हणून विकलेली इलेक्ट्रिक स्कूटर असली तरी, काही वाजत असेल तर शेजाऱ्यांपासून लपवू नका आणि सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगून येऊ नका. जॉब कार्डावर लिहून घ्या: काय वाजतं, कधी वाजतं, किती स्पीडला. आणि त्याची प्रत मागून घ्या.