एकाच गोळीत दोन वेदनाशामके: ‘जोडगोळ्यां’चा थोडा इतिहास

कर्करोगाच्या किंवा सिकलसेलच्या तीव्र वेदनेसाठी लिहून दिलेल्या गोळीच्या पाकिटावर तुम्हाला बरेचदा दोन नावे दिसतील: ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल. गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि घरात असेल त्या गोळीवरच भागवावे लागते. म्हणून ती आली कुठून, हे समजून घ्या.

तीव्र वेदनेवरचे भरवशाचे औषध म्हणजे अफूपासून मिळणारे मॉर्फिन. 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी ते तोंडाने द्यावे असे सांगितले. आपल्याकडे मात्र 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा नुकताच आला होता. परवान्यांची कटकट आणि शिक्षेची भीती यामुळे दुकाने-रुग्णालये मॉर्फिन ठेवेनाशी झाली. शेजारच्या मध्य प्रदेशात अफूची सरकारमान्य शेती, आणि 1997 मध्ये देशभरातला मॉर्फिनचा वापर अवघा 18 किलो!

हाताशी राहिल्या जोडगोळ्या. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन-पॅरासिटामॉल ही जोडी खूप खपली. पण तिचा हृदयाच्या ठोक्यांना धोका होता. अमेरिकेने 2010 मध्ये ते औषध बाजारातून काढले, भारताने 2013 मध्ये. मग ट्रामाडॉलचा जोर वाढला. नशेसाठी गैरवापर होऊ लागल्याने 2018 मध्ये तेही त्याच कायद्याखाली आले. अमेरिकेत ट्रामाडॉलच्या जागी बहुधा हायड्रोकोडोन किंवा ऑक्सिकोडोन असते. जोडीदार मात्र तोच, पॅरासिटामॉल.

दोन औषधे वेगवेगळ्या मार्गांनी वेदना कमी करतात, त्यामुळे प्रत्येकाचा डोस कमी लागतो. खरी अडचण पुढे येते. वेदना वाढली की माणूस गोळ्या वाढवतो, आणि सोबत पॅरासिटामॉलही वाढते. दिवसाला 4 ग्रॅमच्या पुढे ते यकृताला घातक. रोज मोहाची दारू घेणाऱ्याला त्याहून कमीतही. अमेरिकेने 2011 मध्ये जोडगोळीत 325 मिलिग्रॅमच पॅरासिटामॉल ठेवायला सांगितले ते याचसाठी. ट्रामाडॉल जास्त झाले तर झटके येऊ शकतात. 37.5 आणि 325 मिलिग्रॅमच्या गोळ्या प्रौढाने दिवसात 8 पेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि सर्दी-तापाच्या गोळीतले पॅरासिटामॉलही हिशेबात धरावे.

तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल स्पष्ट विचारा. त्याचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेप्रमाणे वाढवता येतो. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरली आणि रुग्णालयांना अनेक परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरते.