शब्द गाळलेलं गाणं : बार्नो इस्हाकोवा आणि शशमकाम

आज सुरुवात आपल्या रोजच्या एका शब्दापासून करू या. मुक्काम. मूळ अरबी ‘मकाम’, म्हणजे थांबायची जागा. हाच शब्द मध्य आशियात संगीतात गेला. फारसीत ‘शश’ म्हणजे सहा; म्हणून शशमकाम, सहा मकामांचं गाणं. साथीला लांब दांडीचा तंबूर आणि डफासारखी दोयरा. बुखाऱ्याच्या अमीराच्या दरबारात ते वाढलं.

१९२० साली अमीराची सत्ता गेली. दरबारच उरला नाही, मग गवयांनी जायचं कुठे? उस्पेन्स्की नावाच्या रशियन संगीतकाराने जुन्या उस्तादांना बसवून सहाही मकामांची स्वरलिपी लिहिली. १९२४ मध्ये ती छापून आली. पण त्यात गाण्याचे शब्दच नव्हते!

ते शब्द बहुतेक ताजिक, म्हणजे तिथली फारसी. त्याच वर्षी सोव्हिएत सत्तेने नव्या सीमा आखल्या आणि बुखारा, समरकंद उझबेकिस्तानात गेले. आता बघा, शब्दच नसले की गाण्याची भाषा कोणती, हा प्रश्नच उरत नाही.

ताजिक बाजूने उत्तर आलं ते १९५० ते १९६७ या काळात. फैजुल्लायेव, सोहिबोव आणि शहोबोव यांनी पाच खंड काढले, ताजिक शब्दांसह. पण पुस्तकातलं गाणं आपोआप गळ्यात उतरत नाही. त्याला गाणारा लागतो.

बार्नो इस्हाकोवा यांचा जन्म १९२७ चा, ताश्कंदमधल्या बुखारी ज्यू घरातला. या समाजाची घरची बोली ताजिकच. अमीराचा नावाजलेला गायक लेवी बाबाखानोव हाही याच समाजातला. दरबारात मकाम गायचे पुरुष. बायका गायच्या त्या बायकांच्या बैठकीत. बार्नो मात्र दुशान्बेला, म्हणजे तेव्हाच्या स्तालिनाबादला आल्या आणि रेडिओवरून मकाम गाऊ लागल्या. पुढे त्यांनी तरुणांना शिकवलंही.

१९९२ मध्ये ताजिकिस्तानात यादवी पेटली. त्या सुमारास तिथले बहुतेक ज्यू देश सोडून गेले. बार्नोही इस्रायलला गेल्या आणि २००१ मध्ये तिथेच वारल्या.

दोन वर्षांनी युनेस्कोने शशमकामला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या दोघांच्या नावाने. ‘हे गाणं कुणाचं’ असा वाद निघाला की मला बार्नो आठवतात. जन्म एका देशातला, कीर्ती दुसऱ्यात, शेवट तिसऱ्यात. मकाम तोच, मुक्काम तेवढे बदलले.